नागपुरातून व्हीएचएफ स्पर्धा: पैसा टेबलावर नको, गच्चीवर लावा

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओच्या, व्हीएचएफ (अति-उच्च फ्रिक्वेन्सी) स्पर्धेचा खेळ साधा आहे. ठरलेल्या तासांत १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, म्हणजे दोन मीटर बँडवर, जमतील तेवढी स्टेशनं गाठायची आणि ती जमतील तेवढ्या वेगवेगळ्या ग्रिड चौकोनांतली, म्हणजे नकाशावर अक्षांश-रेखांशाने आखलेल्या चौकोनांतली, असली पाहिजेत. शॉर्टवेव्हवर आयनमंडल, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, आपला आवाज परदेशी नेऊन टाकतं. इथे ती सोय जवळपास नाही. लहर साधारण सरळ जाते आणि आडोशाने अडते. म्हणूनच नवा माणूस महागडी रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ संच, घेतो आणि तिला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीआड लपलेला अँटेना जोडतो, तेव्हा वाईट वाटतं.

पायरी १: कागदपत्रं

परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवान्यांचं काम पाहणाऱ्या) शाखेकडून, परीक्षा देऊन मिळतो. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. रिस्ट्रिक्टेड दर्जाला व्हीयू-३, जनरल दर्जाला व्हीयू-२ अशी सुरुवात असलेलं कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, मिळतं. तुमच्या दर्जाला किती वॅट चालतात आणि घराबाहेरून स्टेशन चालवायच्या अटी काय, हे परवान्यातच वाचा. मग स्पर्धेचे नियम. रिपीटरवरून, म्हणजे सिग्नल पुन्हा पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवरून, केलेला संपर्क बहुतेक स्पर्धांत धरत नाहीत. १४५.८ ते १४६ हा तुकडा उपग्रहांचा आहे, तिथे पाय ठेवू नका.

पायरी २: ग्रिडचा नकाशा

एक चौकोन दोन अंश रेखांशाचा आणि एक अंश अक्षांशाचा असतो. नागपूर एमएल९१ मध्ये येतं. भंडारा आणि रामटेकही त्यातच, त्यामुळे तिथली स्टेशनं मिळाली तरी ग्रिड वाढत नाही. वर्धा आणि यवतमाळ एमएल९० मध्ये, अमरावती एमएल८० मध्ये, छिंदवाडा एमएल९२ मध्ये. गोंदियाला ८० रेखांश ओलांडला जातो म्हणून ते एनएल०१, आणि चंद्रपूर २० अक्षांशाच्या खाली म्हणून एमके९९.

खरी गंमत गडचिरोली आणि चामोर्शीच्या दरम्यान आहे. २० अक्षांश आणि ८० रेखांश तिथे एकमेकांना छेदतात. त्या बिंदूभोवती एमएल९०, एनएल००, एमके९९ आणि एनके०९ असे चार चौकोन भिडलेले आहेत. फिरत्या स्टेशनाला परवानगी असलेल्या स्पर्धेत गाडी थोडी थोडी हलवून चारही चौकोन वापरता येतील. मात्र त्या भागात अँटेना घेऊन उभं राहण्याआधी स्थानिक पोलिसांना कळवा आणि परवान्याची प्रत जवळ ठेवा. अनोळखी माणसांनी जंगलाकाठी वायरी पसरलेल्या पाहून कोणीही विचारणारच.

पायरी ३: उंच जागा

रेडिओ क्षितिजाचा हिशेब सोपा आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. १२ मीटरच्या गच्चीवरून साधारण १४ किलोमीटर येतात. समोरचाही तितक्याच उंचीवर असेल तर २८. आसपासच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच टेकडीवरून एकट्याचेच ४१ होतात. लहर वाकून, विखरून याच्या बरीच पुढेही जाते, पण पाया हाच. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल (सिग्नलच्या वाढ-घटीचं माप), म्हणजे रिगच्या सिग्नल-मीटरवर अर्धा एस, अर्धं घर. त्यामुळे रिगच्या आधी उंचीचा विचार करा.

सेमिनरी हिल्स शहरातली उंच जागा खरी, पण शेजारी वायुसेनानगरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. तिथे अँटेनाचा खांब उभारायला गेलात तर स्पर्धेचा वेळ उत्तरं देण्यातच जाईल. सोनेगाव विमानतळाच्या आसपासही तोच मामला. ओळखीतल्या कोणाच्या उंच इमारतीचा स्लॅब किंवा शहराबाहेरचं उंचावरचं शेत बरं, आणि तेही मालकाला विचारून.

पायरी ४: अँटेना आणि केबल

सुरुवात पाच एलिमेंटच्या (नळ्यांच्या) यागीने, म्हणजे एका दिशेला रोखायच्या अँटेनाने, करा. अॅल्युमिनियमच्या नळ्या, बूमला, म्हणजे मधल्या दांड्याला, चौकोनी पाइप, हे सगळं इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं. दोन मीटरवर अर्ध्या लहरीचा डायपोल, म्हणजे केबल जोडलेला एलिमेंट, जेमतेम एक मीटरचा, म्हणून घरी बनवणं अवघड नाही. मापं मात्र एखाद्या तपासलेल्या आराखड्यातूनच घ्या, अंदाजाने कापू नका. नॅनोव्हीएनए या अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) १.५ च्या आत आणा.

एफएम आणि एसएसबी हे आवाज पाठवायचे दोन प्रकार. एफएमवर बोलणार असाल तर यागी उभी (नळ्या उभ्या), एसएसबीवर आडवी. एक उभी आणि दुसरी आडवी असली की २० डेसिबलपर्यंत सिग्नल बुडतो. आपल्याकडे दोन मीटरवर बहुतेक लोक एफएमवरच असतात. म्हणून उभी आधी जमवा, आडवीचा छंद नंतर.

यागी फिरवायला मोटर नसली तरी अडत नाही. खालून पाइप हाताने फिरवायचा; हॅम मंडळी त्याला गमतीने आर्मस्ट्राँग रोटेटर म्हणतात. पाइपवर रंगाने खुणा करून घ्या: अमरावती जवळपास पश्चिमेला, वर्धा नैर्ऋत्येला, चंद्रपूर दक्षिणेला, गोंदिया पूर्वेला, छिंदवाडा उत्तरेला. छिंदवाडा पठारावर आहे, नागपूरहून दुपटीहून जास्त उंच, त्यामुळे तिकडचं स्टेशन पठाराच्या दक्षिण कडेला असेल तर शंभर किलोमीटर असूनही आशा धरायला हरकत नाही.

आता केबल. २० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये सुमारे ४ डेसिबल जातात. रिगमधून निघालेल्या ५० वॅटपैकी अँटेनाला पोचतात २०. त्याच लांबीची जाड एलएमआर-४०० केबल असेल तर ४० पोचतात. ऐकतानाही तेवढाच तोटा होतो, आणि ऐकू न आलेलं स्टेशन लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदीत, येत नाही. सांधे पावसापासून झाका. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग गडगडायला लागले की केबल रिगपासून सोडवून बाहेर काढा, स्कोअर कितीही चांगला चाललेला असो.

पायरी ५: रिग आणि वीज

५० वॅटची एफएम मोबाइल रिग पुरते. एसएसबी हवी असेल तर आयकॉम आयसी-९७०० किंवा येसू एफटी-९९१ए सारखी ऑल-मोड, म्हणजे सगळे प्रकार चालणारी, रिग लागेल. ५ वॅटची हातात धरायची हँडीसुद्धा गच्चीवरच्या यागीला जोडली तर वेगळीच वाटते. ५० वॅटवर बोलताना १० ते १३ अँपिअर ओढले जातात, म्हणून बॅटरीची वायर जाड आणि आखूड ठेवा. मे महिन्यात गच्चीवर रिग सावलीत ठेवून पंखा लावा. घरातला स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर बँडवर खरखर करतोय का, हे एकेक बंद करून आदल्या रात्रीच शोधा.

पायरी ६: वेळ पकडा

थंडीत नागपूरची रात्र गार पडते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. अशा थरात लहर अडकून क्षितिजापलीकडे जाऊ शकते. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत लांबच्या दिशा तपासा, दुपार जवळच्यांसाठी ठेवा. आठवडाभर आधी वर्धा, अमरावती, चंद्रपूरच्या हॅम मित्रांना वेळ आणि फ्रिक्वेन्सी सांगून ठेवा. समोर कोणी नसेल तर अँटेना कितीही चांगला असून उपयोग काय?

पायरी ७: बोलणं

कमी बोला. ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ (स्पर्धेसाठी कोणीही उत्तर द्या), कॉलसाइन, मग कान. समोरच्याने उत्तर दिलं की ‘फाइव्ह नाइन, माइक लिमा नाइन वन’ (त्याच्या सिग्नलचा दर्जा आणि आपला ग्रिड एमएल९१), त्याचा ग्रिड घ्या, पुन्हा म्हणून खात्री करा, पुढे. हवापाण्याच्या गप्पा स्पर्धा संपल्यावर. एफएमवर जोरदार स्टेशन कमजोराला पूर्ण झाकून टाकतं, म्हणून जवळच्याशी बोलून झालं की दहा सेकंद नुसतं ऐका. खाली कोणी दबलेलं असतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी यागी फिरवा.

पायरी ८: लॉग

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा: आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे पाचचा संपर्क यूटीसीत आदल्या तारखेला रात्री साडेअकराचा होतो, आणि तारीख चुकली तर गुण जाऊ शकतात. एन१एमएम सारखं लॉग ठेवायचं सॉफ्टवेअर एकाच स्टेशनाशी दुसऱ्यांदा झालेला संपर्क लगेच दाखवतं. वीज गेली तर म्हणून वही जवळ असू द्या. कॅब्रिलो फाइल (स्पर्धांच्या लॉगचा ठरलेला साचा) आयोजकांनी दिलेल्या मुदतीत पाठवा, तीही पाठवण्याआधी वहीशी एकदा ताडून.