पवनचक्कीवाले गावात आलेत? सही करायच्या आधी एवढं बघून घ्या

बीड, धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात सध्या कुठल्याही गावात जा, पवनचक्कीचा विषय निघतोच. कुणाकडं एजंट येऊन गेलाय, कुणाच्या रानात मोजणी झालीय, कुणाच्या बांधावरून लाईन जाणार म्हणून भावाभावात बोलणं बंद झालंय. काहीजण म्हणतात कंपनी लुटायला आलीय, हाकलून द्या, काहीजण म्हणतात मिळतंय तेवढं घ्या आणि सही करून मोकळे व्हा. मला दोन्ही पटत नाही. पवनचक्की यायलाच पाहिजे, पण गावाला कागद वाचता आला पाहिजे, वारा ओळखता आला पाहिजे, आणि मग आपल्या अटी सांगून ती आली पाहिजे.

यायलाच पाहिजे असं का म्हणतो, तर परळीचं उदाहरण घ्या. आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेतली जवळपास पाऊण वीज अजूनही कोळशाची आहे. महाराष्ट्रात चंद्रपूरचं एकटं केंद्र २९२० मेगावॅटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, आणि मराठवाड्यात परळी. कोळशाच्या केंद्राला नुसता कोळसा पुरत नाही, वाफ करायला आणि थंड करायला पाणी लागतं, आणि २०१५ च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणीच राहिलं नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. प्यायला टँकर आणि लाईटचं केंद्र पाण्यावाचून बंद, अशी वेळ आपल्या बीड जिल्ह्याने बघितलीय. पवनचक्कीच्या पंख्याला फिरायला पाणी लागत नाही. दुष्काळी भागासाठी मला तरी यापेक्षा मोठं कारण दुसरं दिसत नाही.

आधी मेगावॅट आणि युनिट यातला फरक पक्का करा

सगळी फसगत इथं होते. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेत कोळसा, गॅस, डिझेल सोडून बाकी, म्हणजे पाणी, वारा, सूर्य, अणू वगैरे मिळून निम्मा वाटा झाला, आणि लोकांना वाटलं आता निम्मी वीज स्वच्छ झाली. तसं नाही. मेगावॅट म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती देऊ शकतं ते, आणि युनिट म्हणजे तिनं वर्षभरात खरंच किती दिली ते. रात्री सोलर शून्य आणि वारा पडला की पंखा उभा, त्यामुळं मेगावॅट निम्मे असले तरी युनिटं कोळशाचीच जास्त.

आता हेच गणित आपल्या रानातल्या पंख्याला लावून बघा. ३ मेगावॅटचा एक पंखा, वर्षाचे ८७६० तास, आणि वर्षभराची सरासरी धरली पूर्ण ताकदीच्या ३० टक्के, तर साधारण ७९ लाख युनिट होतात (१ मेगावॅट तासभर पूर्ण चाललं की हजार युनिट). युनिटला ३ रुपये धरले तरी वर्षाला २ कोटी ३६ लाखाच्या आसपास. हे सगळं कंपनीच्या खिशात जात नाही हेही खरं, मशीन उभी करायलाच कोट्यवधी लागतात, कर्जाचं व्याज आहे, देखभाल आहे. पण तुमच्या समोर कुणी एकरकमी आकडा ठेवला की तो या गणिताशेजारी ठेवून बघायचा, शेजारच्या गावात काय मिळालं एवढ्यावर जायचं नाही.

वारा कुठं आहे ते स्वतः बघा

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबात वाढते. सेकंदाला ६ मीटरच्या जागी ७ मीटर वारा असेल तर ताकद थोडीथोडकी नाही, जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढते. म्हणून एकाच गावात माळावरचा गट नंबर आणि ओढ्याकाठचा गट नंबर यांची कंपनीच्या लेखी किंमत एक नसते. एजंट "सगळ्यांना एकच रेट" म्हणत असेल तर उंचवट्यावरच्या शेतकऱ्यानं तिथंच थांबून विचारायचं की माझ्या जागेवर तुम्हाला वर्षाला किती युनिट अपेक्षित आहेत. कंपनीकडं हा आकडा असतोच, त्याशिवाय बँक कर्ज देत नाही.

पूर्वी पवनचक्क्या साताऱ्यातच का होत्या आणि आता मराठवाड्यात का, हेही यातूनच कळतं. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर जुनी मशीनं ३५० किलोवॅटची, खांब बुटके, त्यामुळं त्यांना अकराशे मीटर उंचीचं सह्याद्रीचं पठार लागायचं. आता खांब १२० ते १६० मीटर आणि पंख्याचा व्यास १४०-१४५ मीटरपर्यंत गेला, त्यामुळं सपाट माळावरसुद्धा वरचा जोराचा वारा हाताला लागतो. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे, तिच्या अंदाजात महाराष्ट्राची क्षमता १२० मीटर उंचीवर सुमारे ९८ हजार मेगावॅट आणि १५० मीटरवर सुमारे १ लाख ७४ हजार मेगावॅट येते, आणि उभे झालेत त्यातले फक्त पाच हजारांच्या वर. तिचे नकाशे ऑनलाईन आहेत, गावातल्या एखाद्या पोराला बसवा आणि आपला तालुका काढून बघा.

आपल्याकडं वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर. नेमकं तेव्हा ढगामुळं सोलर कमी असतं, म्हणजे दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. याच्या जोडीला कोयना, घाटघरसारखी पाण्यावरची वीज पाहिजे, कारण घाटघरला जास्तीची वीज वापरून पाणी वर चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून २५० मेगावॅट करतात. कोळसा कमी करायचा तर ही तिन्ही लागणारच आहेत.

गावात वारा नसेल तर नाद सोडा आणि सोलरकडं वळा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सबस्टेशनजवळची जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असं तीन वर्षं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये यातला पहिला ३ मेगावॅटचा प्रकल्प चालू झाला, आणि शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळायला लागली. रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला याची किंमत सांगायला नको. घरावर बसवायचं असेल तर पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे.

आता कागद

सगळ्यात आधी स्वतःचा सातबारा काढा आणि "इतर हक्क" हा रकाना वाचा. बहुतेकजण वरचं क्षेत्र बघतात आणि घडी घालून ठेवतात. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, वाटेचा हक्क असतो, आणि बऱ्याचदा बहिणींची नावं असतात किंवा असायला पाहिजेत ती नसतात. वडील गेल्यावर वारसनोंद केलेली नसेल तर ती आधी करा, आणि वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणीचा हक्क भावाइतकाच आहे, तिला विचारून, तिचा हिस्सा ठरवून पुढं जा. कंपनीचा वकील "नंतर हक्कसोड करून घेऊ" म्हणतो तेव्हा त्याला घाई असते, नातं तुमचं असतं. जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटी असलेली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहारच करू नका.

विकायची का भाड्यानं द्यायची, तर माझं मत भाड्यानं. भाडेपट्टा २५-३० वर्षांचा असतो, म्हणून दरवर्षी किती टक्के वाढ हे लिहून घेतल्याशिवाय सही नाही, कारण आज मोठा वाटणारा आकडा पंधरा वर्षांनी खताच्या पोत्यांनासुद्धा पुरणार नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर व्हावाच लागतो, नुसत्या नोटरीवर भागत नाही. सरसकट मुखत्यारपत्र कुणालाही देऊ नका, एका ठराविक कामापुरतं लागत असेल तर तेवढंच आणि मुदत घालून.

अजून एक कागद असतो ज्याकडं लोक हलक्यात बघतात. पाच-दहा हजार टोकन देऊन "फक्त सर्व्हेसाठी" म्हणून सही घेतात, आणि आत लिहिलेलं असतं की अमुक वर्षं ही जमीन दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. तुम्ही अडकून पडता आणि प्रकल्प येईल की नाही ते त्यांच्या हातात. मुदत जास्तीत जास्त वर्षभर, आणि नंतर करार आपोआप रद्द, असं वाक्य घालून घ्या. तसंच कंपनी बँकेकडं काय तारण ठेवणार ते विचारा. भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवला तर चालतं, तुमच्या मालकीवर बोजा चढता कामा नये. करार इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा, आणि दोन्हीत फरक निघाला तर कुठली प्रत धरायची तेही त्यातच लिहा.

रानात काय होणार

पंख्याचा पाया साधारण वीस-बावीस मीटर व्यासाचा, पण जागा तेवढीच जाते असं समजू नका. पात्याची लांबी सत्तर मीटरच्या आसपास, ते वळणावर वळवायचं म्हणजे रस्ता रुंद लागतो, क्रेनला उभं राहायला मुरूम टाकून दाबलेलं मैदान लागतं. काळ्या रानात अशी दाबलेली जमीन नंतर नांगरटीला वर्षानुवर्षं दाद देत नाही. म्हणून वरची एक-दीड फूट माती बाजूला रचून ठेवायची आणि काम संपल्यावर परत पसरायची, ही अट घाला. पाण्याची वाट तर आवर्जून बघा. रस्त्याचा भराव ओढ्याला किंवा चारीला आडवा आला की पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या शेतात पाणी तुंबतं आणि खालच्याची ताल फुटते. नळे कुठं टाकणार ते नकाशावर खूण करून घ्या, तोंडी नको. ठिबकची पाइपलाइन, बोअरची केबल, सगळं काम सुरू व्हायच्या आधी मोबाईलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा.

अंतराचं म्हणाल तर केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आवाजाच्या कारणानं वस्तीपासून ५०० मीटर सांगितलंय, आणि रस्ता, इमारत, मोठी लाईन यापासून खांबाची उंची अधिक पंख्याचा निम्मा व्यास अधिक ५ मीटर. १४० मीटरचा खांब आणि १४४ मीटरचा पंखा असेल तर २१७ मीटर झाले. शेतवस्तीवरचं घर कंपनीच्या नकाशात कित्येकदा दाखवलेलंच नसतं, ते दाखवायला लावा.

पंख्यापेक्षा जास्त भांडणं लाईनीवरून होतात, कारण पंखेवाल्याला भाडं मिळतं आणि ज्याच्या डोक्यावरून तार जाते त्याला काहीच नाही अशी भावना असते. कंपनी "आम्हाला अधिकार आहे" म्हणाली तर वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खालचा आदेश, म्हणजे लाईन टाकायला सरकारनं दिलेला अधिकार, दाखवा म्हणायचं. तो असेल तर अडवून उपयोग नाही, मोबदल्यावर बोलायचं. मोठ्या लायनींसाठी केंद्रानं जून २०२४ मध्ये टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के असं सुचवलंय. जिल्ह्यात कुठला दर लागू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या, लाईनमनच्या तोंडून नको.

गावानं एकत्र बसा, उघड्यावर बसा

हे मी फार जीव तोडून सांगतोय. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, आणि आरोपपत्रात त्याचा धागा पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या खंडणीपर्यंत गेलाय. खटला कोर्टात आहे. जिथं व्यवहार बंद दाराआड होतो तिथं दांडगे लोक मध्ये घुसतात. म्हणून ना हरकत दाखला ग्रामसभेत चर्चा करूनच द्या, अटी ठरावात लिहा, सगळ्यांचे रेट सगळ्यांना माहीत असू द्या, पैसे फक्त शेतकऱ्याच्या बँक खात्यात, आणि कुणी "मॅनेज करून देतो" म्हणून टक्के मागितले तर एकट्यानं भिडू नका, चार-दहा जण मिळून पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी दोघांकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

त्याच ग्रामसभेत माळरानाचंही बोला. चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी आणि सरडे वाढलेले दिसले. माळ ओसाड दिसतो पण त्यावर गुरं चरतात, लांडगं आहेत, सोलापुरात नान्नजच्या बाजूला माळढोक पक्ष्याचं रान आहे. सगळा माळ देऊ नका, चराईचा आणि पाखरांचा पट्टा ठरवून बाजूला ठेवा. गायरान असेल तर दुप्पट काळजी, कारण ज्याला सातबारा नाही त्याची शेळी तिथंच चरते.

शेवटचं कलम, जे कुणी वाचत नाही

पंख्याचं आयुष्य पंचवीसेक वर्षं. साताऱ्यातली जुनी मशीनं आता त्या वयाला आलीत, आणि जुनी काढून त्याच जागी मोठी बसवायची यासाठी केंद्रानं २०२३ मध्ये धोरणही काढलंय. तेव्हा करारात दोन गोष्टी पाहिजेत. मोठं मशीन बसवायचं झालं तर भाडं नव्यानं ठरणार, जुन्या दरात नाही. आणि बंद पडलं तर पंखा, खांब, तारा उतरवून, पाया किमान नांगराच्या खाली जाईल इतका तोडून, माती टाकून जमीन परत द्यायची, आणि या खर्चाची बँक गॅरंटी कंपनीनं सुरुवातीलाच ठेवायची. मध्येच कंपनी विकली गेली तर नवीन मालकावर हे सगळं तसंच लागू, हेही लिहा. एवढं कलम घालायला कंपनी नाही म्हणाली तर सही थांबवा आणि ग्रामसभा परत बोलवा.