संथ आणि आध्यात्मिक चित्रपटावर परीक्षण कसे लिहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात चित्रपटावर मराठीत लिहिणारी माणसे कमी नाहीत. कोणी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी लिहितो, कोणी वाचनालयातल्या चर्चेसाठी टिपण काढतो, तर कोणी कडोली किंवा उचगावच्या साहित्य संमेलनातल्या परिसंवादासाठी तयारी करतो. नेहमीच्या चित्रपटावर लिहिताना कथा, अभिनय, संगीत आणि छायाचित्रण यांवर दोन-दोन परिच्छेद लिहिले की निभावून जाते. पण ज्या चित्रपटात फारसे काही घडत नाही, संवाद मोजके असतात, एकेक दृश्य मिनिटामिनिटांनी लांबत जाते आणि विषय श्रद्धा, मृत्यू किंवा आत्मशोध हा असतो, तेथे हा साचा अपुरा पडतो. मग दोनच प्रतिक्रिया उरतात. एक बाहेर पडताना कानावर येते ती, “पिक्चर फुडं सरकतच नाही की ओ!” आणि दुसरी छापून येते ती, “शब्दातीत अनुभव.” दोन्हींमध्ये प्रेक्षकाची अवस्था कळते, चित्रपट कळत नाही. चित्रपट कळेल असे कसे लिहावे, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवात पाहण्यापासून करावी. असे चित्रपट आपल्याकडच्या चित्रपटगृहांत क्वचितच लागतात, त्यामुळे ते बहुधा घरी, ओटीटीवर पाहिले जातात आणि तेथेच त्यांची सर्वाधिक हानी होते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, दिवे मालवावेत आणि शक्यतो हेडफोन लावावेत, कारण या प्रकारच्या चित्रपटात निम्मे काम ध्वनी करतो. पहिल्यांदा पाहताना वही हातात घेऊ नये. दुसऱ्यांदा पाहताना मात्र घ्यावी आणि पहिल्या वेळी जेथे कंटाळा आला होता, नेमक्या त्याच जागा तपासाव्यात: तेव्हा पडद्यावर काय होते, काय ऐकू येत होते, कॅमेरा स्थिर होता की हलत होता, आणि ते दृश्य घड्याळाने किती वेळ चालले. कंटाळा ही लपवण्याची गोष्ट नाही, पण तो निकालही नाही. त्याची नोंद करून कारण शोधणे हे परीक्षकाचे पहिले काम आहे.

हे काम कसे करावे, ते एका दृश्यावर पाहू. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या १९८३ सालच्या ‘नॉस्टॅल्जिया’ या चित्रपटाच्या अखेरीस एक रशियन कवी इटलीतल्या पाणी काढून टाकलेल्या एका जुन्या कुंडात उतरतो. पेटती मेणबत्ती हातात घेऊन त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आहे. वाऱ्याने ज्योत विझते. तो मागे परततो, ती पुन्हा पेटवतो आणि पुन्हा निघतो. ती पुन्हा विझते, तो पुन्हा मागे येतो. तिसऱ्या वेळी कोटाचा आडोसा आणि हाताची ओंजळ करून तो पलीकडे पोहोचतो. हे सारे एकाच सलग शॉटमध्ये, सुमारे नऊ मिनिटे चालते आणि कॅमेरा त्याच्या बाजूने चालत राहतो. आता यावर “दिग्दर्शकाने श्रद्धेचे प्रभावी चित्रण केले आहे” असे लिहिले, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: “शॉट कापला असता, तर माणूस मागे फिरला एवढे आपल्याला फक्त समजले असते. तो न कापल्यामुळे परतीची सगळी पावले आपल्यालाही चालावी लागतात, आणि तिसऱ्या खेपेला ज्योत हलली की आपला श्वास अडकतो.” पहिले वाक्य कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येते, दुसरे या एकाच दृश्याचे आहे. परीक्षणातल्या प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावावी.

या दृश्यातून आणखी एक उपयोगी प्रश्न मिळतो: हा शॉट निम्मा केला, तर नेमके काय जाईल? उत्तर देता आले, तर संथपणाला कारण आहे. कितीही विचार करून उत्तर सापडले नाही, तर तो संथपणा बहुधा सवयीचा आहे, आणि तसे स्पष्ट लिहावे. महोत्सवांसाठी बनवलेल्या अनेक चित्रपटांत रिकामी खिडकी, पाठमोरा माणूस आणि दूरचा घंटानाद एवढ्यावर अध्यात्म उभे केले जाते. त्याला गंभीर म्हणून सवलत देण्याचे कारण नाही. ज्या मुलखात कुमार गंधर्वांचा जन्म झाला, तेथल्या रसिकाला हा भेद वेगळा शिकवावा लागू नये. विलंबित ख्यालात समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहणे आणि गवयाला पुढे सुचत नसल्यामुळे थांबणे, हे दोन्ही आपल्या कानाला चटकन कळते. तोच कान येथे वापरायचा आहे.

त्यानंतर चित्रपट खरोखर आध्यात्मिक आहे का, हे ठरवावे. गिरीश कासारवळ्ळी यांचा ‘घटश्राद्ध’ हा १९७७ सालचा कन्नड चित्रपट संथ आहे, त्यात वेदपाठशाळा आहे, विधी आहेत, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळही मिळाले. पण त्यात विधी हे एका तरुण विधवेला जिवंतपणी मृत ठरवण्याचे साधन आहे. म्हणजे तो धर्माची चिकित्सा करणारा चित्रपट आहे. त्याच्या संथपणाला ‘ध्यानमग्न’ म्हणणे हा त्याच्या विषयावर अन्याय होईल. याउलट सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ पाहावा. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात रामजी हा वारकरी लोहार आहे. त्याचा तरणा मुलगा पुरात वाहून जातो, आयुष्यभराची वारी त्या क्षणी कामाला येत नाही, आणि त्याच अवस्थेत अडलेल्या गाईला सोडवण्यासाठी त्याला बोलावणे येते. येथे प्रश्न समाजाचा कमी आणि माणसाच्या आतल्या विश्वासाचा अधिक आहे. चित्रपटभर कोसळणारा पाऊस कधी शोकाचा वाटतो, कधी केवळ पाऊस असतो, आणि २०१९ च्या ऑगस्टमधला पूर पाहिलेल्या चिकोडी-निपाणीकडच्या वाचकाला तो कसा ऐकू येईल, हे आपल्या परीक्षकाइतके दुसऱ्या कोणालाही लिहिता येणार नाही. असे स्थानिक ज्ञान परीक्षणात अवश्य आणावे, मात्र ते पडद्यावरच्या एखाद्या नेमक्या दृश्याला जोडूनच.

सिद्धान्त वाचावा, पण तो बेताने वापरावा. अमेरिकी पटकथाकार-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी १९७२ साली जपानी ओझू, फ्रेंच ब्रेसाँ आणि डॅनिश ड्रायर या तीन दिग्दर्शकांच्या चित्रपटांवर लिहिलेले पुस्तक या विषयात आजही आधाराला घेतले जाते. त्यांची मांडणी थोडक्यात अशी आहे: आधी रोजचे, कोरडे जगणे बारकाईने दाखवायचे, मग त्यात न मावणारी एक विसंगती उभी करायची, आणि शेवटी ती न सोडवता एका स्थिर प्रतिमेवर थांबायचे. चित्रपट उलगडून पाहायला ही मांडणी उपयोगी पडते. पण तिच्यामुळे एक गैरसमज सहज रुजतो, तो असा की अध्यात्म म्हणजे मौन, काटकसर आणि स्थिरता. आपल्याकडचा अनुभव तसा नाही. दिंडीत टाळ-मृदंगाचा गजर असतो, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगतिणींचे चौंडके हे तंतुवाद्य वाजत असते, भंडारा उधळला जातो, आणि बाळेकुंद्रीला पंत महाराजांची पदे समूहाने गायली जातात. या भक्तीत देह, घाम, गर्दी आणि आवाज आहे. म्हणून एखादा मराठी किंवा कन्नड चित्रपट केवळ शांत आहे, यासाठी त्याला खोल म्हणू नये आणि केवळ गजर आहे, यासाठी उथळही ठरवू नये. मला स्वतःला आपल्या समीक्षेची ही सर्वांत मोठी राहिलेली बाकी वाटते: गजराच्या अध्यात्माचे पडद्यावरचे व्याकरण आपण अजून नीट लिहिलेले नाही, आणि ते लिहायला सीमाभागासारखी दुसरी जागा नाही.

इतरांची परीक्षणे आपला पहिला खर्डा पूर्ण झाल्यावरच वाचावीत. या प्रकारच्या चित्रपटांवरची मते टोकाची असतात आणि आधी वाचलेले मत डोळ्यांपुढून हटत नाही. १९६० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात इटालियन दिग्दर्शक मायकेलअँजेलो अँतोनिओनी यांच्या ‘लाव्हेंतुरा’ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, लगेच काही दिग्दर्शक आणि समीक्षकांनी पाठिंब्याचे पत्रक काढले, चित्रपटाला ज्युरीचे पारितोषिक मिळाले, आणि दोनच वर्षांनी ब्रिटिश नियतकालिक ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षक-मतदानात तो दुसऱ्या क्रमांकावर आला. २०११ साली टेरेन्स मॅलिक यांच्या ‘द ट्री ऑफ लाइफ’च्या पहिल्या खेळाला तेथेच टाळ्या आणि हुर्यो दोन्ही झाले, आणि सर्वोच्च पारितोषिकही त्यालाच मिळाले. यावरून हुर्यो उडवणारे नेहमी चूक असतात, असा निष्कर्ष काढू नये. सत्यजित राय स्वतः संथ लयीचे मोठे दिग्दर्शक होते, तरीही १९७४ साली त्यांनी मणी कौल यांच्या ‘दुविधा’वर आणि कुमार शहानी यांच्या ‘मायादर्पण’वर रोखठोक आक्षेप लिहिले. ते आक्षेप पटोत वा न पटोत, चित्रपट लक्षपूर्वक पाहून केलेले होते, आणि नापसंती अशीच लिहावी.

आपल्या श्रद्धेचे काय करावे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. आपण वारकरी आहोत की नास्तिक, हे वाचकाला सांगणे सक्तीचे नाही. पण चित्रपटातला विठ्ठल आवडला म्हणून चित्रपट आवडला, की चित्रपटाने विठ्ठल नव्याने दाखवला म्हणून आवडला, हे स्वतःशी तपासलेच पाहिजे. आपले वाचक एका पंथाचे नाहीत. त्यांत लिंगायत, जैन, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबेही मराठी वाचतात, त्यामुळे “आपल्या सर्वांच्या मनातली भावना” असे लिहिण्यापूर्वी ती कोणाची, हे पाहावे. कन्नड चित्रपट असेल आणि आपल्याला कन्नड येत असेल, तर सबटायटलमध्ये काय निसटले तेही लिहावे; पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला ते जमत नाही.

भाषेविषयी थोडेच सांगायचे आहे. ‘तरल’, ‘चिंतनशील’, ‘अंतर्मुख करणारा’, ‘काव्यात्म’ हे शब्द खर्ड्यात आले, तर आधी अधोरेखित करावेत आणि प्रत्येकाच्या जागी पडद्यावरची एक गोष्ट लिहिता येते का, ते पाहावे. बहुतेक वेळा येते. कथा पूर्ण सांगू नये, पण शेवट न सांगता मुद्दा मांडता येत नसेल, तर वाचकाला आधी सूचना देऊन सांगावा. तारे देणे शक्य असेल तेथे टाळावे. पुरवणीचा नियमच असेल, तर तारे द्यावेत, पण मजकुराशी विसंगत देऊ नयेत. परीक्षणाच्या वरच्या चौकटीत चित्रपटाची भाषा, वर्ष, दिग्दर्शक, लांबी, सबटायटल कोणत्या भाषेत आहेत आणि तो सध्या कोठे पाहता येतो, हे द्यावे. शब्दमर्यादेसाठी संपादक काही कापणार असतील, तर दृश्याचे वर्णन राहू द्यावे आणि कथेचा गोषवारा काढावा, अशी विनंती मजकुरासोबतच लिहून पाठवावी.