रोड बाईक की एमटीबी? सायकल घेताना आणि घेतल्यावर या चुका टाळा

मागच्या महिन्यात दिराचा फोन आला, "वहिनी, सायकल विकायचीय, ओळखीत कोणी असेल तर सांग ना." घेऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते. कारण काय, तर रविवारी खडकवासल्याच्या राईडला ग्रुप पुढे निघून जातो, हा वारज्यापासूनच मागे आणि धरणावर पोचेपर्यंत बाकीच्यांची कणसं खाऊन झालेली असतात. सायकल कोणती? जाड टायर, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, दोन डिस्क ब्रेक, वजन सतरा किलो. म्हटलं घेऊन ये इकडे, विकायचं नंतर बघू. आणली तेव्हा मागचा टायर अंगठ्याने दाबून बघितला तर पिकलेल्या चिकूसारखा आत गेला.

सायकल विकायला काढणारे बरेच जण असेच असतात. सायकल वाईट नसते, ती भलत्या रस्त्याला घेतलेली असते, नाहीतर हवा आणि सीट यांच्याकडे कोणी बघितलेलंच नसतं. मी स्वतः आधी एमटीबी (म्हणजे माउंटन बाईक, डोंगरवाटांसाठीची जाड टायरची) घेऊन पस्तावले, मग तिच्यावर चिडून रोड बाईक (डांबरी रस्त्यासाठीची, बारीक टायर आणि वाकडं हँडल असलेली) घेतली आणि पहिल्या पावसाळ्यात तिच्यावरपण पस्तावले, त्यामुळे खालच्या बऱ्याचशा चुका पदरचे पैसे घालून केलेल्या आहेत. (घरी अजूनही बाईक म्हटलं की सासूबाई विचारतात पेट्रोल किती लागतं, म्हणून पुढे मी सायकलच म्हणणारे.)

"आपले रस्ते खराब आहेत, मग एमटीबीच बरी"

ही सगळ्यात कॉमन चूक आणि ऐकायला एकदम पटणारी. रस्ते खराब आहेतच, पण खड्डा असलेला डांबरी रस्ता आणि डोंगरातली दगडधोंड्यांची पायवाट यात फरक आहे. खड्डा चुकवता येतो, स्पीडब्रेकरला सीटवरून थोडं उठता येतं, आणि उरलेल्या खडबडीला शॉकअपपेक्षा जरा रुंद टायर जास्त कामाला येतो. स्वस्त सायकलीला लावलेला स्प्रिंगचा शॉकअप दोन-अडीच किलोचा असतो, आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की तो खालीवर, खालीवर, म्हणजे तुमची काही ताकद स्प्रिंग दाबण्यात. मागेपण शॉकअप असेल तर बघायलाच नको. चांगल्या एमटीबीला हवेचा शॉकअप असतो, तो वजनाप्रमाणे सेट करता येतो आणि चढावर लॉक करता येतो, पण ती किंमत वेगळी. गंमत म्हणजे कित्येक स्वस्त एमटीबींच्या मॅन्युअलमधे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की उड्या मारायला किंवा अवघड ट्रेलवर वापरू नका!

मी आता कोणी विचारलं की एकच विचारते, मागचे चार रविवार कुठे गेला होतात किंवा जायचं होतं ते लिहून काढा. खडकवासला, सिंहगड पायथा, बोपदेव घाट, जुन्या हायवेने लोणावळा असं निघालं तर सगळा डांबर आहे, एमटीबी कशाला? वेताळ टेकडी, शेतातले रस्ते, कोकणात गावाकडची लाल मातीची वाट असं असेल तर एमटीबी हवीच, तिथे रोड सायकल नेली तर ती उचलून चालावं लागेल. आणि ऑफिसला जायचंय, कधीतरी लांब जायचंय, मुलाला क्लासला सोडताना बरोबर जायचंय असं सगळं मिक्स असेल तर सरळ हायब्रीड घ्या, ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर, सरळ हँडल, शॉकअप नसलेली. हायब्रीड घेतली की लोक म्हणतात धड ना इकडची ना तिकडची, म्हणू द्या.

आणि वजनाचं जरा जास्तच कौतुक होतं हेही सांगते. सतरा किलोची आणि दहा किलोची यात सात किलोचा फरक, पण वर सत्तर किलोचा माणूस बसला की एकूण वजनात तो नऊ टक्क्यांच्याही आत येतो. घाटात तो जाणवतो, नाही असं नाही, पण सपाट रस्त्यावर तुम्हाला मागे ठेवणारी गोष्ट वजन नसून टायरच्या गुठळ्या, कमी हवा आणि छाती ताठ करून बसणं ही आहे. पंचवीसच्या पुढे स्पीड गेला की बहुतेक सगळी मेहनत वारा कापण्यात जाते, आणि रोड सायकलचं वाकडं हँडल त्यासाठीच असतं, स्टाईलसाठी नाही.

"२१ गिअर आहेत, तिला फक्त १६"

दुकानात तुलना करताना हा डायलॉग हमखास. २१ म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, त्यातले कितीतरी एकसारखेच असतात आणि काही वापरायचेच नसतात (पुढे सगळ्यात मोठं आणि मागेपण सगळ्यात मोठं लावलं की चेन तिरकी ताणली जाते, खरखर येते, लवकर झिजते). आकडा मोजू नका, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. पुढच्या लहान चक्राचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्याचे दात. माझ्या जुन्या एमटीबीला पुढे २४ आणि मागे ३४, म्हणजे ०.७, पेडलच्या एका फेरीत सायकल दीड मीटर पुढे. रोड सायकल घेतली तिला पुढे ३४, मागे २८, म्हणजे १.२, एका फेरीत अडीच मीटरच्या वर. याचा अर्थ मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या तर एमटीबीवर साडेपाचच्या स्पीडने चढता येतं, रोडवर नऊच्या वरच जावं लागतं. आणि सिंहगडाचा साधारण नऊ किलोमीटरचा चढ नऊच्या स्पीडने चढणं माझ्यासारखीच्या आवाक्यातलं नाही हो. मग काय, फेऱ्या चाळीसवर येतात, पाय दाबून दाबून पेडल मारावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे आठवण करून देतात.

मी गुडघ्याचा पट्टा आणला, तेल चोळलं, रोड सायकल आपल्याला झेपत नाही असं ठरवून टाकलं, आणि शेवटी मेकॅनिकने मागचा कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बदलून सगळ्यात मोठं चक्र ३२ दातांचं असलेला लावला आणि प्रश्न मिटला. ३४ चा बसतो का ते मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) अवलंबून असतं, त्याचा खाली लोंबणारा दांडा लांब लागतो, म्हणून घ्यायच्या आधीच विचारा. घाट चढायचे असतील तर रोड सायकलला मागे ३२ किंवा ३४ असणं हे गिअरचा सेट क्लॅरिस की सोरा की टियाग्रा (शिमानोचे चढत्या किमतीचे सेट) या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

साईझ: "सीट खाली करून देतो मॅडम"

माझी उंची पाच फूट दोन. पहिल्या वेळी दुकानात एमच साईझ शिल्लक होती, दुकानदार म्हणाला सीट खाली करून देतो, मस्त बसेल, आणि मी घेतली. सीट खालीवर होते, पण सीट आणि हँडलमधलं अंतर फ्रेमवर ठरतं, ते स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) बदलून एक-दोन सेंटिमीटर कमी होईल, जास्त नाही. दोन वर्षं मी हात ताणून चालवत होते, तासाभरात करंगळीला मुंग्या, मान आखडलेली, आणि मला वाटायचं सायकलिंग म्हणजे हे असंच असतं. साईझ नसेल तर थांबा, ऑर्डर करायला लावा, दुसऱ्या दुकानात जा. डिस्काउंटसाठी मोठी साईझ घेणं म्हणजे सेलमधे दोन नंबर मोठे बूट घेण्यासारखं आहे. आणि रोड सायकलच्या एम वरून एमटीबीची एम ठरवू नका, दोन कंपन्यांचीही एम सारखी नसते, त्यामुळे चार्ट बघा आणि बसून बघा, किमान दहा मिनिटं, पार्किंगमधे एक गोल चक्कर म्हणजे टेस्ट राईड नव्हे.

साईझ बरोबर असूनही दुखत असेल तर आधी सीट. कोणाला तरी सायकल धरायला सांगा, बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक येतो, तेच हवंय. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. सिग्नलला दोन्ही पाय टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवणारे खूप असतात (दीर त्यातलाच), तर सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं, बसून नाही. हातांना मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, झुकलं असेल की सगळा भार तळहातावर येतो.

रोड सायकल घेतलीत? आता हवेकडे बघा

रोडवाल्यांची चूक उलट. टायर २३ मिलिमीटरचा आणि हवा ११० पीएसआय, कारण जितकी कडक तितकी पळते असं कोणीतरी सांगितलेलं. आपल्याकडच्या रस्त्यावर ती पळत नाही, उड्या मारते. फ्रेममधे बसत असेल तर २८ किंवा ३२ चा टायर लावा, २८ ला माझ्या वजनाला ७०-७५ पुरते, तुमचं वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. पण कमी हवेवर खड्ड्यात गेलात की ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेमधे चिमटली जाते आणि साप चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ट्यूब काढल्यावर अशी जोडीची भोकं दिसली तर काटा-काच शोधत बसू नका, हवा कमी होती. बारीक टायरची हवा आठवड्यात आपोआप उतरते, त्यामुळे दर राईडच्या आधी बघायची.

आणि व्हॉल्व्ह! रोड सायकलला बारीक, टोकाला छोटा नट असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पौडच्या पुढे पंक्चर झालं, ट्यूब बदलली, हातपंप घरी राहिलेला, दुकान सापडलं, कॉम्प्रेसर होता, काका भले माणूस होते, आणि नळी बसेचना, कारण ती मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची. शेवटी टेम्पोतून घरी. पितळेचा चिमुकला अ‍ॅडॉप्टर मिळतो, व्हॉल्व्हवर फिरवून बसवला की कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. एक सॅडल बॅगमधे, एक पाकिटात. कॉम्प्रेसरची हवा मात्र थोडी थोडी भरा, बारीक ट्यूब सेकंदात फुगते.

टायर-ट्यूब मागतानाही घोळ होतो. "२८ इंची द्या" म्हटलं की गावाकडचा दुकानदार काळ्या दूधवाल्या सायकलचा टायर काढतो, त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, आणि हायब्रीडवर २८ इंची लिहिलेलं असलं तरी ती बहुधा ६२२ ची असते, तो टायर बसणारच नाही. टायरच्या बाजूवर ३५-६२२ असा आकडा छापलेला असतो, त्याचा फोटो मोबाईलमधे ठेवा. ७०० सी आणि २९ इंची दोन्ही ६२२ च असतात, २७.५ इंची म्हणजे ५८४, आणि २६ इंची एमटीबी ५५९.

ब्रेक आणि गिअरच्या कुरकुरी, पटापट

डिस्क ब्रेक किंचाळतोय आणि लागत नाहीये, तर डिस्कवर तेल गेलंय. चेनला तेल मारताना उडतं, किंवा कोणी हुशार माणूस (म्हणजे मी) आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवरच गंज काढायचा स्प्रे मारतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड पॉलिश पेपरवर हलके घासा, तरी नाही गेलं तर पॅड बदला. हायड्रॉलिक असेल तर चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका, पॅड आतमधे चिकटून बसतात. साधे रिम ब्रेक पावसात उशिरा लागतात, घाट उतरताना आधीपासून हलके दाबत रिम पुसून घ्यायची.

नवीन सायकलचे गिअर महिन्याभरात कटकट करायला लागले तर फसवलं असं समजू नका, केबल बसते आणि ढिली होते. मोठ्या चक्रावर चढताना चेन आढेवेढे घेत असेल तर मागच्या डिरेलरला जिथे केबल शिरते तिथला गोल स्क्रू अर्धा फेरा घड्याळाच्या उलट फिरवा, बघा, अजून अर्धा. तरीही जमत नसेल आणि सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे लागतो तो तुकडा) वाकलाय, तो मेकॅनिककडेच.

सेकंडहँड घेताय तर फूटपट्टी न्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, ती सोडून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी, एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन संपलीय आणि बहुधा मागची चक्रंपण, तेवढे पैसे कमी करून मागा. आणि बजेट चाळीस हजार असेल तर चाळीसची सायकल घेऊ नका, हेल्मेट, दिवे, पंप, पॅडवाली शॉर्ट, कुलूप यात चार-पाच हजार सहज जातात.

तर दिराची सायकल. तिला गुठळ्यांचे टायर काढून दीड इंची गुळगुळीत टायर लावले, ५५ पीएसआय हवा, सीट चार बोटं वर, मागचा शॉकअप जितका कडक होईल तितका केला. सतरा किलोची ती सतरा किलोचीच आहे, पण दोन रविवार तो कणसं संपायच्या आत पोचलाय. आता विकायचं नाव नाही, उलट परवा म्हणाला, "वहिनी, तुझी रोड सायकल एक रविवार दे ना, बघतो कशी वाटते." मी देईन हो, पण तो पाच फूट नऊ आणि माझी फ्रेम ४८ ची.