वर्डप्रेसच्या टेस्ट लिहायला बसताय? शीर्षक मराठी घ्या

थोडंफार पीएचपी येतं, एखादं प्लगइन लिहून झालंय आणि आता टीममधले ‘टेस्ट लिही’ (म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) म्हणून मागे लागलेत, अशांसाठी हे लिहितोय.

सेटअपचे रस्ते दोन. मूळ वर्डप्रेसवर काम करायचं असेल तर ‘वर्डप्रेस-डेव्हलप’ रेपो (कोडचा साठा) क्लोन करा, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घ्या. मशीनवर डॉकर आणि नोड हवेत. रेपोच्या रीडमीत दिलेल्या कमांड ओळीने चालवल्या की साइट लोकलहोस्टच्या 8889 पोर्टवर उभी राहते आणि ‘एनपीएम रन टेस्ट:पीएचपी’ने टेस्ट धावू लागतात. हजारो आहेत, त्यामुळे ‘फिल्टर’ लावून आपल्यापुरत्या चालवा. स्वतःच्या प्लगइनसाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची ‘स्कॅफोल्ड प्लगइन-टेस्ट्स’ कमांड सगळा सांगाडा तयार करून देते. त्यातली इन्स्टॉल स्क्रिप्ट फाइली टेम्प फोल्डरात उतरवते. मशीन रीस्टार्ट केल्यावर ‘फाइल सापडत नाही’ असं आलं तर घाबरू नका, स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

डेटाबेस मात्र वेगळाच द्या. टेस्ट सुरू होताना ठरलेल्या प्रीफिक्सचे सगळे टेबल उडवले जातात. कॉन्फिग फाइलमध्ये ही सूचना ठळक लिहिलेली असते, तरी लोक घाईत चालू साइटचा डेटाबेस देऊन मोकळे होतात.

प्रत्येक टेस्ट डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि शेवटी रोलबॅक होतो, म्हणजे तिने केलेले बदल मागे घेतले जातात. ते ट्रान्झॅक्शन मूळ क्लासच्या ‘सेट_अप’मध्ये (प्रत्येक टेस्टआधी चालणारं फंक्शन) सुरू होतं, म्हणून तुमच्या ‘सेट_अप’ची पहिली ओळ म्हणजे पॅरेंटचा ‘सेट_अप’. ती गाळून साफसफाई आपोआप होईल असं गृहीत धरू नका.

आता पहिली टेस्ट. ‘हॅलो वर्ल्ड’ नको, मराठी शीर्षक घ्या. पोस्टचा स्लग (शीर्षकावरून बनणारा, वेब-पत्त्यात दिसणारा भाग) डेटाबेसात 200 अक्षरांच्या कॉलममध्ये बसतो आणि देवनागरी तिथे टक्केचिन्हांच्या एन्कोडिंगमध्ये जाते. एका वर्णाला 9 जागा, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्रातील’ या एका शब्दाने 126 जागा खाल्ल्या. ‘महाराष्ट्रातील पाणीटंचाई आणि टँकर’ असं शीर्षक द्या, स्लग डीकोड करून बघा: ‘महाराष्ट्रातील-पाणीटंचा’. शेवटचा ‘ई’सुद्धा मावला नाही. त्याच दोन शब्दांनी सुरू होणारा दुसरा लेख टाका, तर ‘-2’ला जागा करायला आणखी एक काना जातो: ‘महाराष्ट्रातील-पाणीटंच-2’. मराठी बातम्यांच्या साइटवर हे रोजचं असतं, आणि इंग्रजी नमुन्यांवर टेस्ट लिहिणाऱ्याला ते कधी दिसतच नाही.

यात एक खोच आहे. ‘स्लगची लांबी 200पेक्षा जास्त नसावी’ एवढंच तपासलंत आणि पोस्ट ड्राफ्ट असेल, तर टेस्ट आरामात पास होते. ड्राफ्टला स्लग मिळतच नाही; रिकाम्या स्ट्रिंगची लांबी शून्य! म्हणून पोस्ट पब्लिश करा आणि नेमका स्लग ताडून बघा. मग अपेक्षित उत्तरात मुद्दाम एक अक्षर बदला आणि टेस्ट फेल होतेय ना, ते पाहा. माझ्या मते नवख्याने पहिल्या आठवड्यात एवढीच सवय लावली तरी पुष्कळ. कव्हरेजच्या (किती कोड टेस्टखाली आला त्याच्या) टक्क्यांमागे नंतर धावा.

ब्राउझर उघडून बटणं दाबणाऱ्या टेस्टसाठी प्लेराइट वापरतात. त्या हळू चालतात आणि अधूनमधून विनाकारण फेल होतात. पीएचपीयुनिटवर (वरच्या पीएचपी टेस्ट ज्यावर चालतात ते साधन) हात बसेपर्यंत त्यांच्या नादी लागू नका.

नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला काही हवं असेल तर वर्डप्रेसच्या ट्रॅकवर (चुका आणि सुधारणांची तिकिटं नोंदवायची साइट) ‘नीड्स-युनिट-टेस्ट्स’ हा कीवर्ड लावलेली तिकिटं शोधा. तिथे बऱ्याचदा बदल सुचवून झालेला असतो, अडलेलं असतं ते टेस्टपायी. टेस्टवरच्या कॉमेंटमध्ये तिकिटाचा नंबर घाला, गिटहबवर पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) पाठवा आणि तिच्या वर्णनात ट्रॅकच्या तिकिटाची लिंक द्यायला विसरू नका.