हायब्रिडची तारीख जाहीर करण्याआधी

हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिसातून आणि काही दिवस घरून काम, करायचं ठरलं की पहिला वाद होतो तो दिवसांचा. आठवड्यात दोन दिवस ऑफिस की तीन, शुक्रवार सगळ्यांना घरून द्यायचा की नाही, यावर महिनाभर काथ्याकूट चालतो आणि बाकीच्या तयारीला जेमतेम आठवडा उरतो. एचआरमध्ये राहून मी हा प्रकार दोनदा केला आहे. पहिल्यांदा दिवसांपासून सुरुवात केली आणि तोंडावर आपटले. दुसऱ्यांदा दिवस सगळ्यात शेवटी ठरवले. ही यादी त्या दुसऱ्या खेपेची आहे. तारीख जाहीर व्हायच्या सहा ते आठ आठवडे आधी ती हातात घ्यावी, कारण यातली निम्मी कामं दुसऱ्यांच्या मागे लागून करून घ्यायची आहेत.

सुरुवात कामांच्या फोडीपासून करा. प्रत्येक मॅनेजरला तासभर समोर बसवा आणि त्याच्या टीममध्ये आठवडाभरात होणारी कामं कागदावर उतरवायला सांगा. मग एकेका कामापुढे तीनच गोष्टी लिहा: हे एकट्याने होतं की चौघांनी मिळून, लागणारी वस्तू किंवा माणूस ऑफिसातच आहे का, आणि चुकलं तर लगेच शेजारच्याला विचारावं लागतं का. महिनाअखेरचा हिशेब जुळवणं घरी शांतपणे होतं. नव्या माणसाला तोच हिशेब शिकवणं शेजारी बसल्याशिवाय होत नाही. म्हणजे एकाच पदावरच्या माणसाची काही कामं घरची, काही ऑफिसची. म्हणून पात्रता पदावरून ठरवू नका, कामावरून ठरवा, आणि ती लेखी ठेवा. रिसेप्शनला बसणारा, स्टोअर सांभाळणारा, मशिनवर उभा राहणारा माणूस ‘मला का नाही?’ असं विचारणारच. त्याला ‘तुमचं पदच तसं आहे’ असं उत्तर मिळालं तर ते जिव्हारी लागतं. त्याला घरून काम देता येत नसेल तर काय देता येईल, शिफ्टची अदलाबदल, यायच्या वेळेत सूट, आधी ठरवून घेतलेली सुट्टी, हेही त्याच कागदावर असू द्या.

त्यानंतर पॉलिसी. दोन पानांपेक्षा मोठी झाली तर ती कोणी वाचत नाही, लहान झाली तर प्रत्येक मॅनेजर आपली वेगळी पॉलिसी चालवतो. त्यात कोण पात्र, दिवस बदलायचा असेल तर कोणाला आणि किती आधी सांगायचं, कोणत्या वेळेत सगळ्यांनी हाताशी असायचं, सामान कोणाच्या मालकीचं, इंटरनेटचा खर्च कोणाचा, घरी काम करताना दुखापत झाली तर काय, आणि ही सोय कंपनी कधी काढून घेऊ शकते, एवढं तरी हवं. यातला शेवटचा मुद्दा लोक लिहायला कचरतात. लिहा. सोय आहे की हक्क आहे हे आधी स्पष्ट नसलं, की पुढे एखाद्याला परत ऑफिसात बोलावताना ती शिक्षा वाटते.

पॉलिसीतलं सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘घरून काम करता येईल’. कोणाच्या घरून? आमच्याकडे एकाने मीटिंगमध्ये कॅमेरा चुकून चालू ठेवला आणि मागे समुद्र दिसला, तेव्हा कळलं की गडी पंधरा दिवस दुसऱ्या देशात आहे. सगळे हसले, पण मला पुढचा आठवडा ते निस्तरण्यात घालवावा लागला. माणूस सीमा ओलांडून काम करू लागला की त्याचा कर, सामाजिक सुरक्षा, विमा, व्हिसा आणि ग्राहकाच्या माहितीबद्दलचे करार, सगळ्यांचे प्रश्न एकदम उभे राहतात. ‘घरून’ आणि ‘कुठूनही’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पॉलिसीत कोणता वापरलाय ते वकिलाकडून बघून घ्या. त्याच बैठकीत कामाच्या वेळेबाहेर फोन करण्याबद्दल तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो तेही विचारा. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर ‘संपर्काबाहेर’ राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये कर्मचाऱ्याच्या विश्रांतीच्या वेळेत संपर्क टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ पासून लहान आस्थापना सोडून बाकीच्यांना लागू झाला, लहानांना वर्षभराने. तुमच्या देशात कायदा नसला तरी नियम करा, कारण रात्री साडेदहाचा ‘बघून ठेव, घाई नाही’ असा मेसेज घाईचाच असतो.

सामानाचं फार लिहीत नाही. लॅपटॉप, हेडसेट, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या सिस्टिमला सुरक्षित जोडणी), शक्य असेल तर बरी खुर्ची, आणि सिरियल नंबरसकट नोंद. एवढं झालं की पुढे चला.

आता तुमच्या मॅनेजरांकडे वळा, कारण हायब्रिड बुडतं ते बहुतेक वेळा इथे. २०२२ च्या मायक्रोसॉफ्टच्या पाहणीत ८७ टक्के कर्मचाऱ्यांनी ‘आपलं काम नीट होतं’ असं सांगितलं, तर ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले की हायब्रिडमुळे लोक खरंच काम करतायत याची खात्री वाटणं अवघड झालंय. या दरीत पाळत ठेवणारी सॉफ्टवेअरं विकली जातात. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो, माउस किती हलला त्याचा आकडा. माझा सल्ला, घेऊ नका. माउस हलवत ठेवणारं यंत्र बाजारात मिळतं, आणि ते विकत घेणारा माणूस तुमच्या टीममधला सगळ्यात आळशी असेलच असं नाही. तो फक्त सगळ्यात वैतागलेला असतो. त्याऐवजी प्रत्येक मॅनेजरकडून आणखी एक कागद भरून घ्या: टीममधल्या प्रत्येकाने पुढच्या महिन्यात काय पूर्ण करायचं, आणि ते झालं हे कशावरून कळेल. हा कागद ज्याला भरता येत नाही त्याला ऑफिसातही भरता येत नव्हता, एवढंच की तिथे माणसं दिसत असल्याने ते झाकून जात होतं. सोबत दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्ध्या तासाचं एकट्याचं बोलणं कॅलेंडरवर टाकायला लावा आणि ते रद्द किती वेळा झालं हे महिन्याने तपासा.

नाखूष मॅनेजर प्रत्येक कंपनीत असतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना ट्रिप डॉट कॉमचा प्रयोग सांगा, २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तो छापून आला. चीनमधल्या या प्रवास कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांची जन्मतारखेच्या सम-विषम आकड्यावरून दोन गटांत विभागणी केली. एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा दिली, दुसरा पाचही दिवस ऑफिसात. घरच्या दिवसांची मुभा असलेल्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि पुढची दोन वर्षं दोन्ही गटांच्या कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. प्रयोगाआधी मॅनेजरांना सरासरी वाटत होतं की काम २.६ टक्क्यांनी घसरेल. संपल्यावर त्यांचाच अंदाज १ टक्का वाढीचा झाला.

याच कंपनीचा एक जुना प्रयोगही आहे, आणि तो एचआरने भिंतीवर लावावा असा आहे. तिथल्या कॉल सेंटरमधल्या काही जणांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरी बसवलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण कामगिरीच्या मानाने त्यांना बढत्या मात्र कमी मिळाल्या. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी. काम दिसत होतं, आकड्यात दिसत होतं, फक्त माणूस दिसत नव्हता.

हे मी वाचलं होतं, तरी पहिल्या खेपेला माझ्याच नाकाखाली तेच घडलं. अप्रेझलची, म्हणजे वर्षाच्या मूल्यमापनाची, शीट अंतिम करून वर पाठवायच्या आदल्या संध्याकाळी, काही कारण नसताना, मी तिच्यात ऑफिसात हजर असलेल्या दिवसांचा कॉलम जोडला आणि त्यावरून नावं लावली. वरून खाली रेटिंग पायऱ्यांसारखी उतरत गेली. वरच्या दहा नावांत घरून जास्त काम करणारं एकच नाव होतं. खाली एक बाई होत्या, घरी आजारी वडील, आठवड्यातून एकच दिवस येणाऱ्या, वर्षभरात एकही डेडलाइन न चुकवलेल्या. त्यांच्यापुढे मॅनेजरने लिहिलं होतं, ‘पुढाकार कमी दिसतो’. मी त्याला फोन करून एक उदाहरण मागितलं. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, तसं उदाहरण असं नाही.’ शीट दोन दिवस उशिरा गेली, त्याबद्दल मला बोलणी बसली.

म्हणून अप्रेझलची तयारी हायब्रिड सुरू व्हायच्या आधीच करायची असते, वर्षाच्या शेवटी नाही. फॉर्ममधून ‘उपलब्धता’, ‘उत्साह’, ‘पुढाकार’ असले मोघम शब्द काढा, किंवा त्यांच्यापुढे दोन घडलेल्या गोष्टी लिहिणं सक्तीचं करा. रेटिंग ठरवायला मॅनेजर एकत्र बसतात तेव्हा ती बैठक ऑनलाइन घ्या, म्हणजे खोलीतल्यांचाच आवाज मोठा होणार नाही. आणि माझा तो कॉलम: रेटिंग, पगारवाढ आणि बढती या तिन्हींना हजेरीच्या दिवसांशी लावून बघायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका. घरून जास्त काम करणाऱ्यांत कोण आहेत तेही बघा. लहान मुलं असणारे, घरी आजारी माणूस असणारे, चालता-फिरताना अडचण असणारे तिथे जास्त सापडले, तर मामला नुसत्या चुकीचा राहत नाही, भेदभावाचा होतो.

मीटिंगरूमची तयारी लोक टीव्ही लावला की झाली समजतात. एकदा दाराशी उभं राहून बघा. टेबलाभोवती आठ जण, माइक एका टोकाला, पडद्यावर चौकटीत दोन चेहरे. कोणीतरी उठून फळ्यावर बाण काढतो. ‘म्हणजे हे इकडे आलं की ते सुटलं,’ तो म्हणतो, आणि आठही माना हलतात. पडद्यावरची एक चौकट म्यूट काढते, ‘इकडे म्हणजे कुठे?’ असं विचारते, तोवर खोलीत पुढचा विषय निघालेला असतो. ती परत म्यूट होते. उपाय महागडा नाही. एक जण जरी बाहेर असेल तर सगळ्यांनी आपापले लॅपटॉप उघडायचे, फळ्याऐवजी सगळ्यांना दिसणाऱ्या फाइलीत लिहायचं, आणि बोलायची पहिली पाळी बाहेरच्याची. शिवाय पॅसेजमध्ये उभ्याउभ्या ठरलेली गोष्ट त्याच दिवशी टीमच्या चॅनेलवर लिहायची. लिहिली नाही तर ती ठरलीच नाही असं समजायचं. हा शेवटचा नियम अंगवळणी पडायला दोन महिने लागतात आणि तोवर तो रोज मोडतो. मोडू द्या, पण दर वेळी आठवण करून द्या.

नवीन येणाऱ्यांसाठी वेगळी यादीच लागते. जुन्या लोकांच्या ओळखी आधीच झालेल्या असतात, त्यांना हायब्रिड झेपतं. नव्याला कोणाला काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. आमच्याकडे जॉइन झालेल्या एका मुलीचा लॅपटॉप चार दिवस उशिरा पोचला, इंडक्शनच्या लिंका फोनवर आल्या, आणि सातव्या दिवशी मी सहज फोन केला तेव्हा तिने विचारलं, ‘मला काम कोण देणार आहे?’ मॅनेजरला वाटत होतं, एचआर तिला कामाला लावतंय. त्यानंतर मी नियम केला: लॅपटॉप जॉइनिंगच्या दोन दिवस आधी हातात, पहिले दोन-तीन आठवडे ऑफिसचे दिवस जास्त, आणि बडी, म्हणजे सुरुवातीला सोबत करणारा सहकारी, म्हणून ज्याला नेमलंय तो त्याच दिवशी ऑफिसात. हा शेवटचा भाग हमखास विसरला जातो. नवी मुलगी दीड तास प्रवास करून येते आणि तिचा बडी घरून तिला हात दाखवतो.

राजीनामा देणाऱ्याचंही आत्ताच ठरवा: लॅपटॉप कसा परत येणार, लॉगिन कोण आणि कधी बंद करणार. शेवटचं बोलणं मात्र समोरासमोर घ्या.

एवढं झाल्यावर दिवस ठरवायला बसा, आणि ते टीमने टीमपुरते ठरवावेत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढलं की इंजिनिअरांचं आपसातलं बोलणं झपाट्याने घटतं; पन्नासेक मीटर पलीकडे ते नावापुरतं उरतं. सोमवारी येणारा आणि गुरुवारी येणारा यांच्यातलं अंतर तर मीटरमध्ये मोजताच येत नाही. म्हणून टीमचा निदान एक दिवस सामाईक हवा, आणि त्या दिवशी काय करायचं ते लिहिलेलं हवं: नव्याला शिकवणं, अडलेल्या कामाची उकल, तंटा मिटवणं. घरी जमलं असतं ते काम करायला लोकांना ऑफिसात ओढून आणलं, की ते हेडफोन लावून बसतात आणि बरोबरच करतात. सीटांचा हिशेब सरासरीवर करू नका. समजा १२० माणसं आहेत आणि प्रत्येकाने तीन दिवस यायचं आहे, तर सरासरी ७२ निघते. पण सगळ्यांना मंगळवार-बुधवारच आवडतो, आणि बुधवारी ११० जण दारात उभे असतात.

सुरू करायच्या आधी आजचे आकडेही नोंदवून ठेवा: वर्षात किती जणांनी सोडलं, जागा भरायला किती दिवस लागले, आजारपणाच्या रजा, तक्रारी, वेळेत झालेली कामं. पहिले तीन महिने चाचणीचे आहेत असं जाहीर करा आणि तपासणीची तारीखही सांगा. मागचे आकडे नसतील तर त्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

आणि पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतः कुठे असणार ते ठरवा. सीटांचा गोंधळ निस्तरायला एचआरचे सगळे ऑफिसात थांबतात. एकाने तरी घरी बसा. तुमचीच पॉलिसी समोर उघडून त्यात लिहिलंय तसं एकेक करून बघा: रजा टाका, पगाराची स्लिप काढा, मीटिंगला जोडा, आयटीची मदत मागा. दुसऱ्या खेपेला मी हे केलं, आणि पहिल्याच तासात लक्षात आलं की घरून काम करणाऱ्यांनी अडचण आल्यास ज्या नंबरवर फोन करावा म्हणून आम्ही ठळक अक्षरांत छापला होता, तो ऑफिसातला चार आकडी एक्स्टेन्शन नंबर होता.