वॉशरच्या खाचेत मीठ असतं

घड्याळाच्या कामात नवीन आलेली मुलं पहिल्यांदा विचारतात, "वॉशर कुठून मागवता?" वॉशर म्हणजे पाणी अडवणारं रबराचं बारीक कडं. वॉशर मुंबईहून येतात, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे, वेगवेगळ्या व्यासांच्या डब्या मिळतात. ते मोठं काम नाही. मी मालवणात दुकान चालवतो, आणि इथे पाणी गेलेल्या घड्याळांमध्ये मला बहुतेकदा दोष सापडतो तो वॉशर जिथे बसतो त्या खाचेत.

झाकण उघडा, जुनं रबर काढा आणि भिंग लावून खाच गोल फिरवत बघा. जुनं रबर कधी कडक होऊन तुटतं, कधी डांबरासारखं चिकट झालेलं असतं. ते लाकडी काडीने खरवडायचं. सुईने किंवा पोलादी चिमट्याने नाही, कारण तिथला एक ओरखडासुद्धा पाण्याला वाट देतो. साफ झाल्यावर स्टीलवर टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसले तर समजा, घामातलं आणि समुद्राचं मीठ रबराखाली साचून राहिलं होतं. अशा बंद फटीत मिठातलं क्लोराइड स्टीलला खातं. ३१६ एल जातीचं स्टील बरंच तग धरतं, ३०४ जातीचं कमी. पितळेवर क्रोम चढवलेल्या स्वस्त केसची, म्हणजे घड्याळाच्या कवचाची, तर गोष्टच सोडा, तिथे पापुद्रे निघतात. खड्डा रबर बसतं त्या पट्ट्यातून आरपार गेला असेल, तर नवं वॉशर घालून काही उपयोग नाही. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं: घड्याळ चालेल, पण हात धुताना काढून ठेवा.

खाच चांगली असेल तर माप घ्या. जुनं वॉशर सैल पडून लांबलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. व्हर्नियरने खाचेचा व्यास आणि रुंदी मोजा. नवं रबर ओढून बसवावं लागता कामा नये, आणि बसल्यावर खाचेच्या कडेपेक्षा किंचित वर दिसलं पाहिजे, म्हणजे झाकण आवळलं की दाबलं जातं. सिलिकॉन ग्रीस नावापुरतं लावायचं. ग्रीस पाणी अडवत नाही. पेचाचं झाकण फिरताना रबर पिळून बाहेर येऊ नये म्हणून ते असतं. जास्त झालं तर धूळ धरतं. रबर सिलिकॉनचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस टाळा, ते फुगतं.

आता चावी. मागच्या झाकणाचं वॉशर सगळे बदलतात, चावीकडे कोणी बघत नाही. चावीच्या आत ट्यूबवर, म्हणजे चावीची दांडी जिथून केसमध्ये जाते त्या नळीवर, घासणारं एक बारीक रबर असतं. क्वार्ट्झ घड्याळाची चावी महिनोन्महिने कोणी ओढत नाही, तोवर ट्यूबभोवती पांढरं मीठ जमतं, आणि वेळ लावायला ओढली की ते रबर फाडतं. आतलं रबर सुटं काढता येत नसेल तर पूर्ण चावीच बदला, ट्यूब झिजली असेल तर तीही.

इथे जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर आणि घड्याळं माझ्या काउंटरवर. एक काका दरवर्षी येतात, विचारतात तेच: "पाणी जावचां नाय मां?" उत्तर द्यायला चाचणी लागते. मशीन काढून नुसता केस, काच आणि चावी लावून आधी तपासा. पाण्याच्या टेस्टरमध्ये घड्याळ पाण्याच्या वर हवेत टांगतात, पंपाने ३ बार, म्हणजे साधारण ३० मीटर पाण्याएवढा, दाब देतात, काही मिनिटं थांबतात, मग पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. आत हवा शिरली असेल तर बुडबुड्यांची माळ निघते, आणि ती नेमकी कुठून निघते यावरून दोष कळतो: चावी, काच की झाकण. बुडबुडे दिसताच घड्याळ लगेच पाण्याबाहेर काढा आणि मग उरलेला दाब सोडा, नाहीतर पाणी आत ओढलं जातं. पाण्याशिवाय, नुसत्या हवेच्या दाबाने तपासणारं कोरड्या चाचणीचं यंत्र महाग असतं, पण परवडलं तर आधी तेच घ्या.

"३० मीटर लिहिलंय, मग पोहायला काय हरकत?" हा प्रश्न रोज येतो. पुष्कळ जण सांगतात, हात हलवला की दाब वाढतो. तो वाढतो खरा, पण सेकंदाला ३ मीटर वेगानेही अर्धा मीटर खोलीएवढा नाही. खरं कारण वेगळं आहे. साध्या घड्याळांच्या आयएसओ २२८१० या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक घड्याळ तपासावं लागत नाही, आणि आकडा नव्या कोऱ्या रबराचा असतो. तारकर्लीला डायव्हिंगला जाणाऱ्याला मी आयएसओ ६४२५ या डायव्हिंगच्या मानकाचंच घड्याळ घ्यायला सांगतो, त्यात एकेक घड्याळ तपासलेलं असतं.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. जुलैची दमट हवा आत कोंडून झाकण लावलं, की गिऱ्हाईक एसीच्या बँकेत शिरताच काचेखाली धुकं धरतं आणि तो म्हणतो, पाणी गेलं. म्हणून झाकण लावण्याआधी उघडा केस सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. बंद केल्यावर ४० ते ४५ अंशांच्या गरम पट्टीवर तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब टाका, मिनिटभराने पुसून बघा. आतून धुरकट झालं तर पुन्हा उघडा. पावतीवर चाचणीची तारीख आणि दाब लिहून द्या. पुढच्या जूनमध्ये तीच पावती घेऊन माणूस येतो.