गाणं कुठं झालं, ते बत्तीवाल्याला विचारा

आमच्या आजोबांचं बेळगावच्या शहापुरात गॅसबत्त्या आणि जमखाने भाड्यानं द्यायचं दुकान होतं. त्यांच्या हिशेबाच्या तीन चोपड्या माझ्याकडं आहेत. बेळगावात गाणं, नाटक, नाच कुठं कुठं होत होतं, याचा माग मी त्यांवरूनच काढायला लागले. तुम्हाला आपल्या गावाचं असं काही लिहायचं असेल, तर कलाकारापासून सुरुवात करू नका. थोर गवयाबद्दल सगळेच सांगतात, पण तो कुठल्या सोप्यात, म्हणजे कुणाच्या घराच्या पुढच्या दालनात, बसून गायला हे कुणी सांगत नाही. ते बत्तीवाल्याला ठाऊक असतं, कारण सामान परत आणायला त्यालाच जावं लागतं. मंडपवाले, टांगेवाले, पेटी दुरुस्त करणारे, चहा पुरवणारे यांची घरं आधी गाठा. "जुन्या चोपड्या आहेत का?" एवढंच विचारा. माळ्यावर हमखास काहीतरी निघतं.

चोपडी मिळाली की तारखा जुळवायला बसा. आमच्याकडं शक आणि तिथी आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत 79. मग त्या तारखेच्या आसपासचं वर्तमानपत्र काढा. आमच्याकडं 'तरुण भारत' 1919 पासूनचं, त्यामुळं वाचनालयात जुन्या फायली आहेत का ते आधी विचारा. जाहिरातींचं पान सोडू नका, नाटक कंपनीचा मुक्काम आणि तिकिटाचा दर तिथंच सापडतो.

सरकारी कागद शोधताना मात्र आपल्या भागाची गोष्ट ध्यानात ठेवा. बेळगाव शहर मुंबई इलाख्यात, शहापूर सांगली संस्थानात आणि कँपचा कारभार कँटोन्मेंटकडं. आज रिक्षानं दहा मिनिटांत तिन्ही पार होतात, पण कागद तीन वाटांनी गेलेत. जुन्यात मोडी भेटेल, म्हणून वाचणारं माणूस जोडून ठेवा. 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतरचा जागेचा उतारा कानडीत. मला कानडी वाचता येतं ते शेजारच्या अक्कांमुळं. या कामात त्यांचा निम्मा वाटा आहे, आणि तो मी प्रत्येक पानाखाली लिहिते.

नावं फसवतात. कोनवाळ गल्लीतलं लोकमान्य रंगमंदिर जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'रिझ'च. मी आधी दोन वेगळ्या जागा धरून बसले होते. आता प्रत्येक जागेला एक वही करते : आधी सिटी सर्व्हे नंबर, त्याखाली तिची सगळी नावं. पाटीवरून इतिहासही ठरवू नका. नेहरूनगरच्या रंगमंदिराला कुमार गंधर्वांचं नाव आहे, ते 1924 साली इथल्याच सुळेभावीत जन्मले म्हणून. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आपल्याच जिल्ह्यातले, पण 'शाकुंतल' 1880 मध्ये पहिल्यांदा रंगलं ते पुण्यात. अभिमान असावा, पण जागा खरी तीच लिहावी.

भिंती नसलेल्या जागा विसरू नका. डिसेंबर 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथं अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल गायल्या. तो मंडप कधीच उठला, खूण म्हणून काँग्रेस विहीर उरली. गोकाककडच्या गावात देवळापुढच्या पटांगणात पारिजात, म्हणजे कृष्ण-सत्यभामेच्या गोष्टीचा लोकनाट्याचा खेळ, रात्रभर चालायचा. सौंदत्तीच्या डोंगरावर जोगतिणी चौंडकं घेऊन नाचतात, ती वाटसुद्धा रंगमंचच आहे. नकाशावर अशा जागा पेन्सिलीनं दाखवा, पण दाखवा.

म्हाताऱ्या माणसांकडं दुपारी चारनंतर जा, आणि दोनदा जा. पहिल्यांदा ते पाहुणचार करतात, दुसऱ्यांदा सांगतात. "कोण गायलं?" म्हणू नका. "तुम्ही कुठं बसला होतात?" विचारा. बायकांना तर हेच विचारायचं. माडीच्या जाळीआडून ऐकलेल्या बायकांनी मला दारं, जिने, कंदिलाची जागा सगळं सांगितलं. एका संस्थेत मी वर्षभर उशिरा पोहोचले, कार्यक्रमांची रजिस्टरं रद्दीत गेली होती. म्हणून दिसेल त्या पानाचा फोटो तिथल्या तिथं घ्या.

आजोबांच्या चोपडीत एक नोंद वारंवार येते : "बाईंचा सोपा, बत्त्या 4, जमखाने 2." बाईंचं नाव कुठंच नाही. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची घरं कागदात अशीच राहिलीत, म्हणून ती मी सगळ्यांत चिकाटीनं शोधते. गल्लीचा अंदाज घेऊन तीन घरं पाहिली. झोपाळ्याला चार कड्या लागतात, बत्तीला एकच. तिसऱ्या घरात सोप्याच्या तुळयांना एकेकट्या चार कड्या निघाल्या, आणि त्यांच्यावरचं लाकूड काजळीनं काळं होतं.